जुनी बोलेरो पिकअप: इंजिनाआधी चासी पाहावी

१ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नियम लागू झाले. त्याआधीची बोलेरो पिकअप आंब्याच्या बागेसाठी घ्यावी, असा विचार रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच बागायतदार करतात, कारण वर्षातले तीन महिने धावणाऱ्या गाडीसाठी नव्या गाडीचा हप्ता बारा महिने भरणे परवडत नाही. अशी गाडी घेऊन, दुरुस्त करून आणि हंगामात वापरून पाहिल्यावर माझे मत अनुकूल आहे. मात्र ते इंजिनामुळे कमी आणि गाडी घाटावरून, म्हणजे समुद्रापासून दूरच्या भागातून, आणल्यामुळे अधिक आहे.

इंजिनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २५२३ सीसीचे हे डिझेल इंजिन तालुक्याच्या कोणत्याही मेकॅनिकच्या हाताखालून गेलेले असते आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. ते कॉमन रेलचे, म्हणजे सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणारे, असेल तर डिझेलमधले पाणी त्याला चालत नाही, म्हणून फिल्टरमध्ये साठलेले पाणी, विशेषतः पावसाळ्यात, न चुकता काढून टाकावे.

खरी परीक्षा चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, आहे. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून झिरपून क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या दांड्यांवर) आणि कमानपाटे चासीला जोडणाऱ्या शॅकलपाशी साचते, आणि वरून रंग कितीही चकचकीत असला तरी आतून पत्रा खाल्ला जातो. यात कंपनीचा दोष नाही. मिठापुढे कोणतेही लोखंड टिकत नाही. गाडी पाहायला जाताना लहान हातोडी खिशात ठेवावी, खाली शिरून मागच्या चाकांच्या वरचा चासीचा भाग हलके ठोकावा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज येऊन पापुद्रे गळू लागले, तर विक्रेत्याने किंमत कितीही उतरवली तरी चहा पिऊन परतावे. ताज्या काळ्या कोटिंगचा तर मला संशयच येतो, कारण गंज न खरवडता त्यावर कोटिंग मारले की ओल आत कोंडली जाते आणि काम दुप्पट वेगाने बिघडते. कोल्हापूर-कऱ्हाडकडे दूध किंवा भाजी वाहिलेली गाडी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

दुरुस्तीचा मुहूर्तही महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि गाडीलाही काम नसते. मार्चमध्ये गॅरेजवाल्याला फुरसत नसते आणि आपल्यालाही. हौद्याचा कुजलेला तळ कापून चेकर्ड प्लेट टाकणे, फाळक्याच्या बिजागऱ्या बदलणे, गंज तारेच्या ब्रशने उजळेपर्यंत घासून त्यावर रेड ऑक्साइड आणि मग रंग देणे, हे सर्व स्थानिक वेल्डर उत्तम करतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवण्याची आठवण मात्र आपणच द्यावी, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, जाण्याची भीती असते. चासी नंबरवर ग्राइंडर फिरू देऊ नये, कारण पासिंगच्या वेळी तो वाचता आला पाहिजे. जास्त माल भरता यावा म्हणून जादा कमानपाटा टाकून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, कारण पाटा वाढला तरी ब्रेक तेवढेच राहतात आणि आंबा घाट उतरताना हा फरक कळतो.

कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकले आहे का, हे आधी पाहावे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर. आठ वर्षे झालेल्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, तेव्हा तो खर्चही किमतीत धरावा.

चालवताना भरलेली गाडी शांत असते. रिकामी गाडी मात्र जांभ्याच्या रस्त्यावर इतकी उडते की हौद्यात एकटी-दुकटी पेटी ठेवून आणू नये, फळ डागाळते. क्रेटखाली भाताचा पेंढा घालून ते दोरीने आवळून बांधले, तर बागेतून पॅकिंग शेडपर्यंत माल नीट पोहोचतो.