केळी वेफर्सच्या लिस्टिंगला गुण देणारं टूल : वापरून पाहिलं

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून आम्ही कच्च्या केळीचे वेफर्स ऑनलाइन विकतो. लिस्टिंगला, म्हणजे विक्रीच्या साइटवरच्या आपल्या मालाच्या पानाला, शंभरपैकी गुण देणारं एक टूल सध्या वापरतेय.

फोटोंच्या बाबतीत ते खरंच कामाचं आहे. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. आमचा पुडा स्टीलच्या ताटात ठेवलेला होता, ते टूलने लगेच पकडलं. वजन, घटक, शाकाहारी खूण यांचे रिकामे रकानेही दाखवले. नवीन विक्रेत्याचे यात पुष्कळ कष्ट वाचतात.

पण शीर्षकात ते शब्द कोंबायला लावतं. ‘जळगाव केळी’ घातलं की गुण वाढतात. माल खरंच तिथला आहे का, हे विचारतच नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाचं; त्या नावाचा असा वापर मला अजिबात पटत नाही. गंमत म्हणजे पिकल्या पिवळ्या केळ्यांचा फोटो लावून पाहिला, तरी गुण तेवढेच! वेफर्स कच्च्या केळीचे, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल.

गिऱ्हाईक आधी विचारतं, “ताई, तेल कोणतं? किती दिवस कुरकुरीत राहतील?” वर्णनात हे नसलं तरी टूल पूर्ण गुण देतं. म्हणून फोटो आणि रकाने त्याच्याकडून तपासून घ्या, वर्णन मात्र वेफर्स तळणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. महिन्याचे पैसे भरण्याआधी मोफत चाचणीत स्वतःचाच माल टाकून बघा.