बॉम्बर कमांडचा लॉसेस डेटाबेस : एका विमानसैनिकाचा माग काढताना

इंग्लंडमधल्या लिंकन शहरात, कॅनविक टेकडीवर इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर आहे. त्याचा लॉसेस डेटाबेस घरबसल्या आणि फुकट पाहता येतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, सेवेत मेलेल्या ५८,००० वर लोकांच्या नोंदी त्यात आहेत. सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मेले, बहुतेक विशी-पंचविशीतले. त्यांतल्या एकाचा शोध घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी.

नाव टाकून शोधू नका. एकाच नावाचे डझनभर सार्जंट निघतात. सेवाक्रमांक हाताशी असेल तर गोंधळ होत नाही, आणि तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धातल्या मृतांची थडगी सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर मिळतो. विमानाच्या बाजूवर रंगवलेल्या अक्षरांवरही विसंबू नये. एक विमान गेलं की तेच अक्षर पुढच्याला मिळे. शेपटीजवळचा अनुक्रमांक मात्र त्या एकाच विमानाचा.

या डेटाबेसचं खरं मोल म्हणजे त्याच विमानातल्या सोबत्यांच्या नोंदी तिथूनच उघडतात. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात साधारण सात जण असत. एकट्याची नोंद वाचून फारसं हाती लागत नाही, सगळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की शेवटची मिनिटं दिसू लागतात. सातांपैकी पाचच नावं आली, तर उरलेले दोघे पॅराशूटने उतरून कैद झाले असण्याची शक्यता तपासा. सहा जण एका दफनभूमीत आणि सातव्याचं नाव रनीमीडच्या, म्हणजे थडगं नसलेल्या विमानसैनिकांच्या, स्मारकावर असेल, तर त्याचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही. सामाईक कबर म्हणजे देह वेगळे करता आले नाहीत. हे वाचताना घाई करू नये.

तारखेत बहुतेक जण चुकतात. विमानं संध्याकाळी उडत, पडत मध्यरात्रीनंतर. न्युरेंबर्गवरची मोहीम ३० मार्च १९४४ च्या रात्री निघाली, ९५ विमानं परतली नाहीत, आणि बहुतेक थडग्यांवर तारीख आहे ३१ मार्च. म्हणून स्क्वाड्रनचं (विमानांच्या तुकडीचं) दप्तर शोधताना आदला दिवसही बघा.

उणीव सांगायलाच हवी. ही नोंद मृत्यूची आहे, आयुष्याची नाही. तो मुलगा त्याआधी किती मोहिमांवर गेला होता (एका पाळीच्या ३० असत), कोणासोबत गेला, हे बहुधा इथे मिळत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली (राष्ट्रीय अभिलेखागार) एआयआर २७ ही स्क्वाड्रनच्या दप्तरांची मालिका काढावी. तिच्यातल्या फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा असतो, फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाचे लोक, उड्डाण आणि परतीची वेळ. न परतलेल्या विमानापुढे एखादीच ओळ असते. मृत्यू प्रशिक्षणात झाला असेल तर एआयआर २७ मध्ये वेळ घालवू नका. प्रशिक्षण तुकड्यांची दप्तरं एआयआर २९ मध्ये आहेत.

शेवटी कमिशनच्या पानावरचे जुने कागद उघडून पाहा. थडग्यावर कोणती ओळ कोरायची, हे घरच्यांनी कळवलेलं असतं. ती त्यांत बऱ्याचदा जशीच्या तशी सापडते.