विटांच्या रिटेनिंग वॉलमागे भराव कशाचा घालावा?

कोल्हापुरात पाचगाव किंवा आर. के. नगरच्या चढावर प्लॉट घेतला की जागा सपाट करण्यासाठी चार-पाच फुटांची रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत, बहुधा बांधावीच लागते. तिची चर्चा वीट कोणत्या भट्टीची, भिंत किती जाड आणि सिमेंटचे प्रमाण काय, एवढ्यावरच संपते; मागे काय भरायचे हे मात्र पायाच्या खोदाईतून जे निघेल त्यावर ठरून जाते. विटांचे बांधकाम दाब चांगला सोसते, पण ताण जवळजवळ सोसत नाही. त्यामुळे मागचा रेटा वाढला की अशी भिंत आडव्या सांध्यात उघडते किंवा पुढे कलते, आणि एकदा कललेली भिंत पुन्हा मागे येत नाही.

हा रेटा किती बदलतो ते पाहावे. दीड मीटर उंचीच्या भिंतीमागे निचरा होणारा दाणेदार भराव असेल, तर लांबीच्या दर मीटरला सुमारे ७०० किलोंचा रेटा येतो. त्याच भरावात माथ्यापर्यंत पाणी साचले, तर तो १५०० किलोंच्या घरात जातो आणि त्यातले ११०० किलो एकट्या पाण्याचे असतात. म्हणून कोणताही माल निवडताना त्यातून पाणी किती लवकर खाली उतरेल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

काळी माती या कसोटीवर पूर्णपणे नापास होते. कसबा बावड्याकडील सखल भागात ती जागेवरच फुकट मिळते, हीच खरी अडचण आहे. ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्या भेगांत धूळ-माती पडते आणि पुढच्या पावसात फुगायला जागा उरली नाही की ती भिंतीलाच रेटते. भिंतीला लागून काळी माती भरू नये, असे मी कोणतीही सवलत न ठेवता सांगेन. ती बागेसाठी बाजूला ठेवावी.

मुरमाच्या बाबतीत मात्र विचार करावा लागतो, कारण ‘मुरूम’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळे माल ट्रॉलीतून येतात. कठीण, खड्यांचा मुरूम चांगला दबतो, फारसा फुगत नाही आणि खडीपेक्षा स्वस्त पडतो. मऊ, पिवळसर मुरूम मात्र एक-दोन पावसाळ्यांत विरघळून चिकणमातीसारखा वागू लागतो. ट्रॉली रिकामी करण्यापूर्वी काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत मुरूम घेऊन पाणी घालावे, जोराने हलवावे आणि रात्रभर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर एकूण थराच्या दहाव्या भागाहून जाड दिसला, तर तो माल भिंतीजवळ वापरू नये. पन्हाळा-राधानगरीकडील जांभ्याचा तांबडा मुरूम काळ्या मातीइतका फुगत नाही, तरीही त्यातील मातीचे प्रमाण याच रीतीने तपासावे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळे फौंड्रीची वापरलेली वाळू हा पर्याय कोल्हापुरात वारंवार सुचवला जातो. दिसायला ती वाळूच असल्याने निचरा होईल असे वाटते. परंतु साच्याच्या ‘ग्रीन सँड’मध्ये, म्हणजे ओलसर वाळूत, बेंटोनाइट ही फुगणारी माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, तर काही साच्यांत रसायनांचे बंधक वापरलेले असतात. जवळ विहीर किंवा बोअर असेल, तर हा मोह टाळणेच योग्य. पाडकामाचा राडारोडाही नको: त्यातील प्लास्टरची भुकटी पाण्याच्या वाटा बुजवते.

उरते ती क्रशरची २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली खडी. कच, म्हणजे दगडाचा बारीक भुगा नव्हे, कारण कच घट्ट बसते आणि पाणी अडवते. संपूर्ण भराव खडीचा करण्याची गरज नसते. भिंतीला लागून फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा, त्यामागे जिओटेक्स्टाईलचे (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) कापड आणि त्याच्याही मागे कठीण मुरूम, ही रचना मला खर्च आणि सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी सर्वांत योग्य वाटते. तीस फूट लांब आणि पाच फूट उंच भिंतीसाठी, वरचा एक फूट सोडला, तर खडी लागते १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासही नाही. वरच्या त्या फुटात पाणी आत शिरू नये म्हणून चिकट माती दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. तळाशी छिद्रांचा चार इंची पाइप शंभरात एक उताराने टाकावा आणि भिंतीत दर चार-पाच फुटांवर तीन इंची वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडण्याची छिद्रे, ठेवावीत.

पंचगंगेच्या पूररेषेजवळ, जिथे राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर पाणी अंगणात येते, तिथे खडीचा हा पट्टा अधिकच आवश्यक ठरतो. पूर ओसरताना बाहेरचे पाणी भराभर उतरते, पण मातीच्या भरावातले मागेच राहते. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरांनंतर भिंतीची खरी परीक्षा होते ती त्या दिवसांत.

भराव सहा ते आठ इंचांच्या थरांनी घालावा, भिंतीपासून तीन फुटांपर्यंत रोलर न आणता हाताच्या धुमसाने दाबावा आणि बांधकामाला किमान दोन-तीन आठवडे पाणी मारून झाल्यावरच भरावाला सुरुवात करावी. पाच फुटांहून उंच भिंत किंवा वर गाडी उभी राहणार असेल, तर मात्र भरावाआधी भिंतीचेच डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावे.