साडेतेरा मिलिमीटरचे सैन्य आणि जेवणाचे टेबल

टेबलावर लढाई मांडण्याचा छंद ज्यांना नव्याने लागतो, ते बहुधा आधी सैनिक आवडून घेतात आणि ते मांडायचे कुठे याचा विचार मागाहून करतात. मीही तेच केले होते. अठ्ठावीस मि.मी. उंचीच्या छोट्या सैनिकांच्या दोन पलटणी हौसेने रंगवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या समोरासमोर उभ्या केल्या की डावीकडून वळसा घालून जायला जागाच उरत नाही. म्हणून वॉरलॉर्ड गेम्स या कंपनीच्या ‘एपिक बॅटल्स’ मालिकेतील अमेरिकी यादवी युद्धाच्या पायदळाचे हे परीक्षण लिहिताना सैनिकांच्या देखणेपणाइतकाच विचार मी माझ्या दीड मीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर रुंद टेबलाचा करणार आहे.

प्रथम वस्तूविषयी. हे सैनिक साडेतेरा मि.मी.चे आहेत आणि ते सुटे येत नाहीत. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दहा जणांची एक पट्टी असते, अशा दोन पट्ट्या एकामागे एक चिकटवल्या की साठ मि.मी. रुंदीचा एक बेस, म्हणजे सैनिकांखालची बैठक, भरतो. प्लॅस्टिकच्या एका स्प्रूवर (भाग जोडलेल्या ज्या चौकटीतून ते कापून काढायचे असतात तिच्यावर) असे पाच बेस भरतील इतके, म्हणजे शंभर, पायदळ सैनिक, एक तोफ व तिचे गोलंदाज आणि एक घोडेस्वार अधिकारी मिळतो. पट्टीतील सैनिकांच्या मधल्या फटींत कुंचला शिरत नाही, पण तिथे कुणाची नजरही पोहोचत नाही. टोपी, चेहरा, बंदूक आणि पाठीवरची वळकटी एवढे रंगवले की हातभर अंतरावरून रांग जिवंत दिसते. त्याच त्या मुद्रांची पुनरावृत्ती जाणवते हे खरे, मात्र कवायती रांगेच्या बाबतीत तो दोष मानायला माझे मन तयार नाही.

आता प्रमाणाचा मुद्दा, आणि इथे उत्पादकाच्या मांडणीशी माझा मतभेद आहे. पाचही बेस एकाच रेजिमेंटला दिले की तिची आघाडी, म्हणजे समोरची रुंदी, तीनशे मि.मी. होते. अठ्ठावीस मि.मी.चे वीस सैनिक दोन रांगांत, प्रत्येकी वीस मि.मी.च्या बेसवर उभे केले तर त्यांची आघाडी दोनशेच मि.मी. भरते. सैनिकाची उंची निम्मी झाली आणि पलटण मात्र दीडपट रुंद झाली! दिसायला ती भव्य दिसते यात शंका नाही. पण ज्याने जागेच्या टंचाईमुळे लहान प्रमाण निवडले, त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

गेटिसबर्गच्या लढाईत २ जुलै १८६३ रोजी लिटल राउंड टॉप या टेकडीवर लढलेली विसावी मेन रेजिमेंट उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात सुमारे ३८५ माणसे होती आणि नियमाप्रमाणे दोन रांगांत उभी केल्यास त्यांनी साधारण शंभर मीटर जागा व्यापली असती. तीनशे मि.मी. म्हणजे शंभर मीटर धरले तर माझ्या टेबलावर पाचशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद एवढाच मुलूख मावतो. त्यात ती टेकडी बसेल, पण दुसऱ्या दिवशी पिकेटच्या हल्ल्यात दक्षिणेचे सैनिक उघड्या शेतांतून जे सव्वा किलोमीटरच्या आसपास चालून गेले, त्यातील निम्मे अंतरसुद्धा बसणार नाही. उलट एक बेस म्हणजे एक रेजिमेंट असे ठरवले की तेच टेबल अडीच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद होते, आणि राखीव तुकडी कुठे ठेवावी हा प्रश्न खेळाडूला खरोखर पडू लागतो.

या हिशेबात घरांकडे दुर्लक्ष होते. सैनिकांच्याच प्रमाणातील दहा मीटर लांबीचे शेतघर सुमारे पंचाहत्तर मि.मी. भरते, म्हणजे एका बेसच्या रेजिमेंटपेक्षा ते रुंद ठरते. त्यासाठी मी सहा मि.मी.च्या प्रमाणातील घरे वापरतो. सैनिकांशेजारी ती ठेंगणी दिसतात खरी, पण दहा मिनिटांत डोळा सरावतो.

मग सरळ सहा मि.मी.चेच सैनिक का घेऊ नयेत, असे कुणी विचारेल. शेफील्डच्या बॅकस कंपनीचे चार-चार जणांच्या पट्टीतील धातूचे सैनिक याच साठ मि.मी.च्या बेसवर सहज बसतात आणि खोलीही कमी घेतात. भूभागाच्या हिशेबात दोन्ही सारखेच असल्यामुळे निवड उरते ती डोळ्यांची. चाळिशी ओलांडलेल्या मला सहा मि.मी.वर टोपी कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात हे भिंगाशिवाय कळत नाही, म्हणून मी साडेतेराकडे वळलो. ज्याला स्वस्तात सुरुवात करायची आहे, त्याने एकास बहात्तर प्रमाणातील मऊ प्लॅस्टिकचे सैनिक जरूर पाहावेत. फक्त वाकणाऱ्या संगिनीवरचा रंग उडतो, हे आधीच मनाशी धरावे. आणि दोन्हीकडे दहा-बारा जणांची चकमक खेळायची असेल तर अठ्ठावीस मि.मी.ला पर्याय नाही, कारण तिथे प्रत्येक माणसाला स्वतःचा चेहरा हवा असतो.

साडेतेराची खरी अडचण वेगळी आहे. हे प्रमाण दहा, बारा किंवा पंधरा मि.मी. यांपैकी कुणाशीच जुळत नाही, त्यामुळे एकदा या वाटेला लागल्यावर माणूस बव्हंशी त्याच मालिकेशी बांधला जातो. मराठी खेळाडूला असईची लढाई मांडायची इच्छा होणारच, आणि तिथला इंग्रज सेनापती वेलस्ली याचे हायलँडर (स्कॉटिश पायदळ) या मालिकेच्या वॉटर्लू विभागातून एक वेळ उसने घेता येतील. पण शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि मद्रासचे शिपाई त्यातून कसे उभे करायचे?

रंगकामाविषयी एकच सूचना. पावसाळ्यात फवाऱ्याचे वॉर्निश वापरू नये. हवेतील दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते. माझी एक अख्खी ब्रिगेड जुलै महिन्यात धुक्यात हरवली आणि ती चूक सर्वस्वी माझीच होती. कुंचल्याने लावायचे वॉर्निश संथ असले तरी भरवशाचे आहे.

माझ्या पद्धतीने खेळायचे झाल्यास निशाण असलेली पट्टी स्प्रूवर एकच आहे, ही उणीव टोचते, कारण पाच रेजिमेंटना पाच निशाणे हवीत. मी तार आणि कागद वापरून ती बनवली. बाकी एका स्प्रूतून एक ब्रिगेड नेमकी उभी राहते: लिटल राउंड टॉपवरच्या व्हिन्सेंटच्या ब्रिगेडमधील विसावी मेन, त्र्याऐंशीवी पेनसिल्व्हेनिया, चव्वेचाळिसावी न्यूयॉर्क आणि सोळावी मिशिगन या चारही रेजिमेंट मी एकाच स्प्रूतून केल्या, घोडेस्वार अधिकारी व्हिन्सेंटच्या जागी लावला, तोफ त्याच टेकडीवरच्या हॅझलेटच्या तोफखान्याला दिली, आणि एक बेस शिल्लकही राहिला.