बार्बेक्यू चिकनसोबत बटाटा सॅलड की काकडीची कोशिंबीर?
बार्बेक्यू सॉस मुळात गोड-आंबट, थोडा तिखट नि धुरकट, त्यामुळे बाजूला काहीतरी गार लागतंच. मेयोवालं बटाटा सॅलड पोटभरीचं, मुलांना आवडतं, आधीच करून फ्रीजमध्ये ठेवता येतं, पण मालवण-रत्नागिरीकडे मे महिन्यात अंगणात शेगडी पेटवलीत आणि पारा ३२ अंशांच्या वर असला तर ते बाहेर काढल्यावर तासाभरात संपवायलाच हवं. मला तरी कोशिंबीरच बरी वाटते, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू, वर जिऱ्याची फोडणी, खोबऱ्याने सॉसचा तिखटपणा मस्त निवतो. साखर नको, सॉसमध्ये भरपूर असते. आणि मीठ अगदी वाढताना घाला हां, आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं. पाहुण्यांना फक्त चिकनवर भागवायचं असेल, पाव-भाकरी काही नसेल, तरच बटाटा करा.