अख्खं संत्रं की संत्र्याचा रस?

दोन्ही एकाच फळातून येतात, म्हणून दोन्ही सारखेच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात साधारण 12 ग्रॅम साखर आणि 3 ग्रॅम तंतू असतात. 250 मिलिलिटर रसात साखर 20 ग्रॅमच्या वर जाते आणि तंतू जवळपास उरतच नाहीत. एवढ्या रसाला दोन-तीन संत्री लागतात. ती चावून खायला बसा, दुसऱ्यालाच पोट भरल्यासारखं वाटेल. रस मात्र मिनिटभरात संपतो आणि भूक तशीच राहते.

खरा फरक तंतूंचा आहे. फोडीतल्या पेशींमध्ये अडकलेली साखर हळूहळू सुटते. रस काढताना त्या पेशी फुटतात आणि साखर मोकळी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर, वरून चमचाभरही घातली नसली तरी, मर्यादा पाळण्याच्या साखरेतच धरली आहे.

क जीवनसत्त्व रसातही भरपूर मिळतं, हे मान्य. मधुमेहींची रक्तातली साखर अचानक खाली आली, तर अर्धा कप रसच कामाला येतो. तिथे फोडी सोलत बसण्यात अर्थ नाही.

रोजच्या खाण्यात मात्र माझं मत ठामपणे अख्ख्या फळाच्या बाजूने आहे, मुलांसाठी तर जास्तच. आणि एक वर्षाखालच्या बाळाला रस देऊच नये.