जळगावचा सी प्लस प्लस प्रोग्रॅमिंगचा क्लास, फी वसूल

धरणगाव-एरंडोलकडची पोरं एसटीने येतात इथं, उगाच नाही येत भाऊ. विंडोज डॉट एच ही हेडर फाइल (प्रोग्रॅमला जोडायची तयार फाइल) इन्क्लूड केली की एसटीडी मिनच्या, म्हणजे दोनातली लहान किंमत देणाऱ्या फंक्शनच्या, ओळीवर एररच एरर, तर सरांनी प्रीप्रोसेस झालेली (कंपाइलच्या आधी बदल होऊन निघालेली) फाइलच काढून दाखवली, त्या हेडरमध्ये मिन आणि मॅक्स नावाचे मॅक्रो (नाव दिसलं की त्याजागी ठरलेला कोड टाकायचा नियम) आहेत आणि प्रीप्रोसेसर नेमस्पेस-बिमस्पेस (एसटीडीसारखे नावांचे गट) काही बघत नाही, सरळ बदलून टाकतो. इन्क्लूडच्या आधी नोमिनमॅक्स डिफाइन केलं की ते मॅक्रो येतच नाहीत, झालं काम! अंडरस्कोर आणि पुढे कॅपिटल अक्षर असलेली नावं कंपायलर-लायब्ररीसाठी राखीव, आपले मॅक्रो तसे ठेवायचे नाहीत हेपण पक्कं केलं. बॅच जरा मोठी असते, मागून स्क्रीन दिसत नाही, लवकर जाऊन पुढे बसा.